त्स्वाना स्वयंपाक, घरापासून दूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बारा वर्षं बोट्स्वानात होतो, आधी कान्येला आणि मग गॅबोरोनला. मुलांची जीभ तिथल्याच अन्नावर घडली. पुण्याला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात धाकटीने ताटाकडे बघून विचारलं, "आई, बोखोबे कधी करणार?" तेव्हापासून मी इथे ते अन्न शिजवते आहे, आणि तेव्हापासूनच प्रश्नही येत आहेत. तिकडून परतलेली मराठी कुटुंबं विचारतात, पुण्यात शिकणाऱ्या बोट्स्वानाच्या मुलांचे इथले मित्र विचारतात, इंग्लंडमधल्या दोन-तीन मराठी सुनाही विचारतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. त्स्वाना, मोत्स्वाना, सेत्स्वाना, बोट्स्वाना: यातलं काय म्हणजे काय?

माणूस एक असेल तर मोत्स्वाना, अनेक असतील तर बात्स्वाना. भाषा सेत्स्वाना, देश बोट्स्वाना. हा देश ३० सप्टेंबर १९६६ ला स्वतंत्र झाला. पण सेत्स्वाना बोलणारे लोक बोट्स्वानापेक्षा शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत जास्त आहेत, विशेषतः माहिकेंग आणि रुस्टेनबर्ग या भागात. म्हणून ‘त्स्वाना जेवण’ एकाच देशाचं नाही. दोन्हीकडे पाया तोच: ज्वारी किंवा मक्याचं घट्ट शिजवलेलं पीठ, सोबत पालेभाजी, कडधान्य, आंबट दूध आणि सणासमारंभाला मांस.

२. पदार्थांची नावं कशी उच्चारायची? पाकिटावर एक लिहिलेलं असतं, लोक दुसरंच म्हणतात.

रोमन लिपीतला ‘जी’ सेत्स्वानात घशातून काढलेल्या ‘ख’सारखा उच्चारतात. राजधानीला तिथले लोक ‘खाबोरोने’ म्हणतात, आपण इंग्रजी वळणाने गॅबोरोन म्हणतो. त्याच नियमाने ज्वारीचं घट्ट पीठ ते बोखोबे आणि पालेभाजी ती मोरोखो. ‘पी-एच’ मात्र आपल्या ओठ मिटून म्हणायच्या ‘फ’सारखा. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो शिकावा लागतो, आपल्याला ‘फणस’ म्हणता येतं म्हणजे झालं.

३. बोखोबेसाठी आपलं ज्वारीचं पीठ चालतं का? मंगळवेढ्याची मालदांडी आहे घरात.

धान्य चालतं, पीठ चालत नाही. भाकरीचं पीठ फार बारीक असतं. त्याचं बोखोबे चिकट होतं आणि घशाला लागतं. गिरणीवाल्याला ‘जाडसर, रव्याहून थोडं बारीक’ असं सांगून वेगळं दळून घ्या. मागच्या दळणाचं बारीक पीठ जात्यात असतं, म्हणून पहिली मूठभर बाजूला काढायला सांगा.

दुसरी गोष्ट सालीची. बोट्स्वानात पूर्वी बायका लाकडी उखळात, म्हणजे किकात, मुसळाने ज्वारी कांडून साल काढत. पुढे कान्येच्याच रुरल इंडस्ट्रीज इनोव्हेशन सेंटरने ज्वारीची साल काढणारं यंत्र घडवलं, गावोगावी छोट्या गिरण्या निघाल्या आणि बायकांच्या दंडांवरचा तो भार उतरला. त्यामुळे तिथल्या दुकानात मिळणारं पीठ बहुधा साल काढलेलं असतं. आपल्याकडे कण्यांसाठी ज्वारी ओलसर करून कांडतात, तीच कृती करा: पाण्याचा हबका मारा, दहा मिनिटं झाकून ठेवा, खलबत्त्यात हलक्या हाताने कांडा आणि पाखडा. एवढा वेळ नसेल तर सालीसकट जाडसर दळा. रंग गडद येईल, चव थोडी तुरट होईल, पण बोखोबे होईल.

४. गुठळ्या होतात. प्रमाण काय आणि हलवायचं कशाने?

एक वाटी जाडसर पीठ, तीन वाट्या पाणी. दोन वाट्या पाणी उकळायला ठेवा. उरलेल्या एक वाटी थंड पाण्यात पीठ कालवा आणि ते कालवण उकळत्या पाण्यात एका हाताने ओता, दुसऱ्या हाताने हलवत राहा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्याच.

तिथे यासाठी लेफेत्लो असतो: लांब काठी, टोकाला तारेची वळणं, दोन तळव्यांत धरून घुसळायची. आपली ताकाची लाकडी रवी हुबेहूब तेच काम करते. पीठ घट्ट व्हायला लागलं की रवी बाजूला ठेवून लाकडी उलथणं घ्या आणि भांड्याच्या कडेवर दाबून घोटा. मग झाकण ठेवून अगदी मंद आचेवर अर्धा तास. हा अर्धा तास कापू नका. दहा मिनिटांनी ते शिजल्यासारखं दिसतं, पण कच्च्या पिठाचा वास जायला पुढची वीस मिनिटं लागतात.

मीठ? बोखोबेत घालत नाहीत. ते सोबतच्या पदार्थात असतं.

५. टिंग म्हणजे काय, आणि घरी कसं लावायचं?

टिंग म्हणजे आंबवलेलं ज्वारीचं पीठ. त्यापासून घट्ट बोखोबेही होतं आणि सकाळची पातळ पेजही. ज्यांनी आंबील प्यायली आहे त्यांना हा वास ओळखीचा वाटेल.

दोन वाट्या जाडसर पीठ, अडीच वाट्या कोमट पाणी. बोट घातलं तर ऊब लागावी, चटका बसू नये. चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवा, वर कापड बांधा आणि उबेला ठेवा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात चोवीस तास पुरतात, डिसेंबरात दोन ते तीन दिवस. थंड देशात असाल तर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. तेवढी ऊब पुरते.

तयार झाल्याची खूण सांगते. पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, वर पाण्याचा पातळ थर येतो आणि कापड उचललं की नाकाला स्वच्छ आंबटपणा जाणवतो, थोडा ताकाचा, थोडा कच्च्या सफरचंदाचा. चमच्याने ढवळलं तर पीठ फसफसत सुस्कारा टाकतं. मग प्रश्न ४ मधल्या कालवणाच्या जागी हे घाला. शिजवण्याआधी चार चमचे बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या वेळी तेच विरजण.

दह्याचं विरजण घालू का, असं हमखास विचारतात. घालू नका. पिठातच लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, तेच हे काम करतात. दही घातलं तर ते लवकर आंबट होतं, पण चव दह्याची येते, टिंगची येत नाही.

६. टिंग बिघडलं हे कसं ओळखायचं?

गुलाबी, काळी किंवा हिरवी बुरशी, कुजका वास किंवा तारा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर पूर्ण फेकून द्या. वरचा भाग काढून खालचं वाचवायचा प्रयत्न करू नका. वर साचलेलं आंबट पाणी हा बिघाड नाही, ते ढवळून टाका. भांडं घट्ट झाकणाचं घेऊ नका. मी एकदा हवाबंद बरणीत लावलं होतं. वायू कोंडला आणि सकाळी झाकण उघडताच अर्धं टिंग ओट्यावर आलं.

७. सेस्वा कसं करायचं? इंटरनेटवर दहा कृती दिसतात, कुणी लसूण घालतं, कुणी मिरी.

मांस, पाणी, मीठ. बस. सेस्वा हा बोट्स्वानाचा मानाचा पदार्थ, त्याला चोत्लो असंही म्हणतात. लग्न, अंत्यविधी, स्वातंत्र्यदिन, यातला कुठलाही मोठा जमाव त्याच्याशिवाय होत नाही. अशा वेळी तो पुरुष शिजवतात, अंगणात, तीन पायांच्या बिडाच्या मोठ्या भांड्यांत, बहुतेकदा पहाटेपासून.

घरच्यासाठी एक किलो हाडासकटचं मांस घ्या, मोठे तुकडे. मांस बुडून वर बोटभर राहील एवढं पाणी आणि दोन लहान चमचे मीठ. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तीन ते चार तास. कुकरमध्ये पाऊण तास ते एक तास. हाड धरून उचललं की मांस आपोआप गळून पडलं पाहिजे. हाडं काढा आणि मग मुसळाने किंवा जाड लाकडी दांड्याने मांस कुटा. मिक्सरला लावू नका, लगदा होतो. धागे सुटे व्हायला हवेत, पण धागेच राहायला हवेत.

यापुढची पायरी कुकरवाले विसरतात. कुटलेलं मांस त्याच रश्श्यासकट परत आचेवर ठेवा आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. शेवटी मांसाची स्वतःची चरबी सुटते आणि धाग्यांची टोकं तपकिरी होतात. सेस्वाची चव त्या शेवटच्या दहा मिनिटांत येते.

८. महाराष्ट्रात कुठलं मांस वापरायचं?

तिथे सेस्वा गाई-बैलाच्या मांसाचं करतात, बोकडाचंही करतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच होती. म्हणून इथे म्हशीचं मांस किंवा बोकडाचं मटण. म्हशीच्या मांसाला वेळ जास्त द्या. मटण घेणार असाल तर मांडी आणि मान मिसळून घ्या. नुसत्या मांडीचं सेस्वा कोरडं होतं. मला स्वतःला बोकडाचंच आवडतं, आणि ती तडजोड आहे असं मी मानत नाही.

९. थोडी फोडणी दिली तर काय बिघडतं? आमच्याकडे बेचव म्हणतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते. कान्येला गेल्यावर पहिल्या वर्षी मीही हेच केलं. शेजारच्या म्मा (बाईमाणसाला तिथे आदराने म्मा म्हणतात) घरी आल्या होत्या. मी मोरोखोला जिरं-लसणाची फोडणी दिली होती, मोठ्या हौसेने. त्यांनी ताट पूर्ण संपवलं, आभार मानले आणि मग हळूच म्हणाल्या, "छान आहे. पण यात पानं कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या चुलीपाशी बसवलं. पानं, मीठ, थोडं तेल. तासभर काही बोलल्या नाहीत, फक्त मधूनमधून झाकण उचलून वास घ्यायला लावला. सुरुवातीला गवताचा वास, मग मातीचा, मग अगदी शेवटी मांसाच्या रश्श्यासारखा दाट वास. तो टप्प्याटप्प्याने बदलणारा वास फोडणीखाली मला कधी कळलाच नसता.

आपल्या जेवणात चव वरून येते, मसाल्यातून. या जेवणात ती धान्यातून, आंबण्यातून आणि वेळातून येते. मसाला घातला म्हणून पाप लागत नाही, आणि आज गॅबोरोनच्या घरांतही रश्श्यात करी पावडर पडते. पण पहिल्या चार वेळा तरी काहीही न घालता करा. घरचे बेचव म्हणत असतील तर मीठ बरोबर आहे का आणि पूर्ण शिजलं आहे का, हे आधी बघा. बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.

१०. मोरोखोसाठी ‘चवळीची भाजी’ आणली, पण चव वेगळीच आली. का?

कारण पुण्या-मुंबईच्या मंडईत चवळी किंवा चवळई म्हणून मिळणारी जुडी बहुतेक वेळा माठाच्या कुळातली असते. चवळीच्या शेंगांच्या वेलाशी तिचा संबंध नाही. बात्स्वाना ज्याला ‘मोरोखो वा दिनावा’ म्हणतात (इथला ‘वा’ म्हणजे ‘ची’, आपला ‘किंवा’ नाही), ती खऱ्या चवळीच्या वेलाची पानं. दिनावा म्हणजे चवळी. ती पानं उकडून, वाळवून वर्षभर ठेवतात.

ही पानं मिळवायची असतील तर घरातलीच चवळी कुंडीत पेरा. महिन्याभरात कोवळी पानं खुडता येतात. थोडी उकडा, पाणी निथळा, ताटात पसरून सावलीत कडक वाळवा. शिजवताना दोन मुठी वाळकी पानं, एक कांदा, एक टोमॅटो, दोन चमचे तेल, मीठ आणि बेताचं पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास.

बाजारातली ‘चवळी’ फुकट गेली असं मात्र समजू नका. माठाला तिथे थेपे म्हणतात आणि तोही मोरोखोच. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे बांधावर उगवणारी पांढरी तिळवण तिथे रोथ्वे या नावाने आवडीने खातात. कडू असते. पहिलं पाणी टाकून द्या.

११. आम्ही शाकाहारी आहोत. आमच्यासाठी काय उरतं?

रोजचं जेवण जवळपास सगळंच. बोखोबे, टिंग, मोरोखो, लाल भोपळा, मादिला (प्रश्न १२) आणि दिक्खोबे. दिक्खोबे म्हणजे कांडलेलं धान्य आणि चवळी एकत्र शिजवलेली. एक वाटी सालकाढी अख्खी ज्वारी आणि एक वाटी चवळी रात्रभर वेगवेगळी भिजवा. ज्वारीला आधी चार शिट्ट्या द्या, मग चवळी घालून आणखी तीन. मीठ आणि चमचाभर लोणी घालून पाणी आटवा. फक्त विचारून घ्या: समारंभात दिक्खोबे किंवा मोरोखोत कधीकधी मांसाचा रस्सा घालतात.

१२. मादिलाऐवजी दही चालेल?

साधं दही पातळ पडतं. मादिला म्हणजे दूध आंबवून, त्यातलं पाणी पुन्हापुन्हा काढून दाट केलेलं. पूर्वी हे लेकुका नावाच्या कातडी पिशवीत करत. आपल्या श्रीखंडाच्या चक्क्याशी त्याचं जवळचं नातं आहे. आंबट दह्याचा चक्का बांधा, पण चार तासांतच सोडा आणि दोन चमचे दूध घालून फेटा. साखर नाही.

१३. लेरोत्से कुठे मिळेल?

भारतात मंडईत मिळत नाही. हे कलिंगडाच्या जवळचं, पण गोड नसलेलं, शिजवून खायचं फळ आहे. तिथे सुगीच्या दिवसांत, म्हणजे लेत्लाफुलात, घरोघरी त्याचं बोखोबे होतं. जवळची जागा दोघं मिळून भरतात: कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरा भाग आणि कोहळा, निम्मे-निम्मे. बारीक चिरून, अगदी थोड्या पाण्यात मऊ शिजवून घोटा. मग त्यात ज्वारीचं पीठ (किंवा टिंग) आणि शेवटी मादिला. दुधी घालून पाहिला, वास वेगळा येतो, मला पटला नाही.

१४. फालेछे (मक्याचं घट्ट शिजवलेलं पीठ) करायला कॉर्नफ्लॉर आणलं आणि खळ झाली. काय चुकलं?

कॉर्नफ्लॉर हा मक्याचा निव्वळ स्टार्च. तुम्हाला मक्याचं भरड पीठ हवं, तेही पांढऱ्या मक्याचं. परदेशात दक्षिण आफ्रिकी दुकान नसेल तर केनियन दुकानातलं उगालीचं पीठ घ्या, काम तेच. ‘मासा’ नावाचं मेक्सिकन मक्याचं पीठ घेऊ नका. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो, चव पूर्ण बदलते. शिजवायची रीत प्रश्न ४ प्रमाणे.

१५. माख्विन्या (मैद्याचे तळलेले गोळे) आत कच्चे राहतात.

तेल जास्त तापलंय. अर्धा किलो मैदा, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, ५० ग्रॅम साखर, एक चमचा मीठ, साधारण ३५० मिली कोमट पाणी. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं. दुप्पट फुगू द्या, लिंबाएवढे गोळे ओल्या हाताने सोडा आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तळा. बोट्स्वानात सकाळी बस थांब्यावर चहासोबत हे गरम विकतात.

१६. फाने भारतात आणता येतील का? आणि त्याला पर्याय?

फाने म्हणजे मोपाने झाडावर वाढणारी एका मोठ्या पतंगाची अळी. आतडी पिळून काढून, मिठाच्या पाण्यात उकडून, उन्हात वाळवलेली. प्रथिनांचा मोठा साठा. पर्याय नाही, आणि सुकट वापरून बघायचा सल्ला मी देणार नाही, तो वेगळाच पदार्थ होतो. सामानात मांस, दूध किंवा कीटकजन्य वस्तू न्यायच्या असतील तर त्या देशाचे नियम आधी तपासा आणि विमानतळावर स्वतःहून जाहीर करा. ब्रिटनमध्ये आफ्रिकेतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी फाने खाऊ नयेत, त्याचीही ॲलर्जी येऊ शकते.

१७. ३० सप्टेंबरला चाळीस बात्स्वाना विद्यार्थ्यांसाठी जेवण करायचं आहे. किती सामान?

हाडासकट मांस १० किलो, बोखोबे आणि फालेछे मिळून ४ किलो पीठ, ताजी पालेभाजी ६ किलो. ती शिजून मूठभर होते, घाबरू नका. सेस्वा आदल्या दिवशी शिजवून, कुटून ठेवा आणि आटवायची पायरी जेवणाआधी करा. मुलांना कुटायला बोलवा. माझ्याकडे येणारी मुलं मुसळ हातात आल्याशिवाय बोलती होत नाहीत. मुसळ हातात आलं की मग आजोबांच्या अंगणातली गोष्ट निघते.

१८. माझे यजमान मोत्स्वाना आहेत. सासूबाई पहिल्यांदाच इंग्लंडला येत आहेत, पहिल्या दिवशी काय करू?

मोकाट वाढलेली कोंबडी, तिकडे तिला ‘कोको या सेत्स्वाना’ म्हणतात. पाहुण्याचा मान तिनेच होतो. आपल्या गावठी कोंबडीसारखी कडक आणि चवदार असते. फार्मची कोंबडी घेऊ नका, इंग्लंडमध्ये हलाल दुकानात ‘हार्ड चिकन’ मागा. मीठ-पाण्यात दीड-दोन तास, मग त्याच रश्श्यात थोडी परता. सोबत टिंगचं बोखोबे. ते तीन दिवस आधी लावा (प्रश्न ५).

जेवणाआधी हात धुवायला कोमट पाणी घेऊन जा. वाटी देताना उजव्या हाताने द्या आणि डावा हात उजव्या कोपराखाली टेकवा. हे त्यांच्या लक्षात येईल. आणि दुसऱ्या दिवशी आपला वरण-भात करा. त्यांनाही सुनेच्या घरचं खायचं असतं.

१९. टिंगचं विरजण विमानाने परदेशी कसं नेऊ?

नेऊ नका, गरज नाही. तिथे मिळेल ती ज्वारी जाडसर दळा, कोमट पाण्यात कालवा आणि विरजणाशिवाय उबेला ठेवा. पहिल्या खेपेला वेळ लागतो आणि आंबटपणा कमी येतो. त्यातलं चार चमचे पुढच्या खेपेला घाला, त्यातलं त्याच्या पुढच्या. माझ्या मुलीने मँचेस्टरला असंच केलं. चौथ्या खेपेला तिने फोन केला आणि म्हणाली, "आई, कान्येच्या घरात यायचा तसा वास येतोय."